ढोबळेकाकू आणि चिडक्या तोंडाच्या गाड्या

सिग्नलला गाडी थांबली की आपण लाल दिवा बघतो. ढोबळेकाकू आरसा बघतात. मागे येऊन उभी राहिलेली गाडी कोणत्या कंपनीची आहे हे त्यांना कळत नाही, पण नात्यानं ती त्यांची कोण लागते हे बरोबर कळतं.

"पाह्य कोल्हापूर," त्या मला म्हणतात, "सासरा आला मागं."

मी वळून बघतो. मोठी काळी गाडी, पुढच्या जाळीचा जबडा वासलेला, दिवे बारीक करून भुवया आत ओढलेल्या. खरोखरच कुणाचा तरी सासरा.

"अन् ते बाजूची पांढरी? नणंद. कोणाच्या लग्नात मान नाही भेटला तिले."

काकूंचं म्हणणं एकच, आणि ते भाजीवाल्यापासून गॅस सिलिंडर आणणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं आहे. "आजकालच्या गाड्या नुसत्या चिडून राहिल्या बाप्पा. काहून? कोणी काय केलं त्याईले?"

मी गडहिंग्लजकडचा. नववीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, हे आमच्या घरात अजून ठरायचं आहे. फिरत फिरत नागपुरात आलो आणि एका गाड्यांच्या शोरूममध्ये लागलो. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी नवी गाडी धुवायची, पुसायची, चमकवायची, हे माझं काम. गावाचं नाव लांबलचक पडतं म्हणून काकूंनी मला पहिल्याच दिवशी जिल्ह्याच्या नावानं, कोल्हापूर अशी हाक मारली, ती कायमची. मी जरा भित्राच. मनीषनगरात एकट्या पोराला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा काकूंनी दारातच विचारलं, "वांग्याची भाजी खातो का?" हो म्हटलं. "मंग ठेव वर सामान." एवढाच आमचा करारनामा. त्या वांग्याचे उपकार माझ्या अंगावर अजून आहेत.

काकू सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. मूलबाळ नाही. काका गेल्यावर त्या गाडी शिकल्या आणि एक छोटी, गोल दिव्यांची गाडी घेतली. तिला कोवळ्या आवळ्याचा रंग मारून घेतला. रंगारी म्हणाला होता, नागपूरची गाडी आहे, संत्री रंग मारा. काकू म्हणाल्या, "नागपूरची तर मीबी आहो. मले मारतो का संत्री?" त्या रंगाची दुसरी गाडी शहरात नसल्यामुळे काकू कुठं गेल्या होत्या हे त्या घरी पोचायच्या आधी गल्लीला कळलेलं असायचं. रविवारी त्या कळमन्याच्या बाजारात जायच्या आणि अख्ख्या गल्लीची लिंबं, कांदे, मोसंबी घेऊन यायच्या.

गाडी आतून कशी असावी याबद्दलही त्यांची मतं ठाम. बसायला कापडच पाहिजे. "रेग्झिनवर मे महिन्यात बसलं का उठताना आवाज येते. चारचौघात बरं दिसते का?" आणि आतला रंग उजळ पाहिजे. "घराले आतून काळा रंग देता का कोणी?"

यंदाच्या उन्हाळ्यात मेकॅनिकनं त्या आवळ्याची पायाखालची चटई उचलली, तर खालचा रस्ता दिसला. पत्रा गंजून गेला होता. "काकू, आता ही बाहेर काढू नका," तो म्हणाला. त्या दिवशी वांग्यात मीठ नव्हतं. मी तसंच खाल्लं आणि उपकाराच्या भरात बोलून गेलो, "काकू, आमच्या शोरूमला चला ना, नवीन बघू." बोलून झाल्यावर आठवलं. मी तिथं अजून पक्का झालो नव्हतो.

शोरूममध्ये एक टायवाला पोरगा पुढं आला. "मॅडम, ही बघा. एकदम ॲग्रेसिव्ह लुक."

"म्हणजे कसा?"

"म्हणजे... रागीट."

"पैशे देऊन राग काहून घ्यायचा गा? तो तर इकडे फुकट भेटते."

पोरगा चिवट होता. त्यानं दार उघडून त्यांना आत बसवलं. "ऑल ब्लॅक इंटेरियर, मॅडम."

"सुतक कोणाचं आहे?"

"प्रीमियम वाटतं, मॅडम. आणि हे वुड फिनिश."

काकूंनी त्यावर टकटक केलं. "म्हणजे लाकडाचा फोटो." मग त्यांचा हात चकचकीत काळ्या पट्टीवर पडला. पाचही बोटं उमटली. मी सवयीनं फडकं घेऊन धावलो. काकू टायवाल्याला म्हणाल्या, "पाह्य, या पोराची जिंदगी याच्यातच जाईन."

तिथवर ठीक होतं. मग त्यांना समोरच्या डॅशबोर्डवरची शिवण दिसली. सुंदर, सरळ, टाक्याला टाका लागून. काकूंनी बांगडीची सेफ्टी पिन काढली आणि धागा उचलायला टोक घातलं. धागा येईना. दुसरीकडे घातलं, तिथंही येईना. कारण धागा नव्हताच, प्लॅस्टिकवर नुसते टाक्यांचे ठसे होते.

"शिलाई नाही!" काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "शिलाईचं सोंग आहे!"

काचेच्या केबिनमधून मॅनेजर बाहेर आले. त्यांनी पिन बघितली, डॅशबोर्ड बघितला. "यांना कोणी आणलं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मनात गडहिंग्लजच्या एसटीत बसलोसुद्धा.

"कोणी नाही आणलं," काकू उतरत म्हणाल्या. "मी आली. मले पाय आहेत."

आवळा भंगारवाला ओढून घेऊन गेला आणि उरलेला उन्हाळा काकू ऑटोनं शोरूम फिरल्या. संध्याकाळी जेवताना मला हकीकत मिळायची. आज दोन ठाणेदार होते, एक वसुलीवाला होता, एक दात काढून उभा होता पण त्याच्या मनात काळं. शेजारचे राऊतकाका भिंतीवरून विचारायचे, "वहिनी, गाडी पाहून राहिल्या का जावई?"

"जावई असता तर कवाचाच पसंत केला असता, भाऊ. त्याले दिवाळीलेच पाहा लागते."

राऊतकाका हसायचे. मला मात्र काळजी लागली होती. काकू घरातच बसायला लागल्या. कळमना बंद झालं. ओट्याशी उभ्या राहून खिडकीबाहेरच्या रिकाम्या जागेकडं बघायच्या आणि भाजी लागली तरी हलवायच्या नाहीत. गाडी नाही म्हणून माणूस इतकं उतरतं, हे मला कळेना.

एक दिवस शोरूमनं मला शहराबाहेर वाडीला पाठवलं. तिथं ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागं आमचं यार्ड आहे. लोक नवी घेताना जुनी देतात, त्या गाड्या तिथं धूळ खात उभ्या असतात. त्या धुवायच्या होत्या. एकीवर पाणी सोडलं, तसा धुळीचा लोट खाली आला आणि आतून दोन गोल दिवे निघाले. खाली बंपरची किंचित वर गेलेली रेघ. हसणारी म्हणता येणार नाही, कुणीतरी हनुवटीखाली हात घेऊन "हं, मग?" म्हणावं, तसं तोंड. आत डोकावलो. फिकट बदामी कापड. शिवण नखानं ओढली, तर धागा सुटून हातात आला. सुटलेल्या धाग्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. काकूंना फोन केला.

त्या ऑटोनं आल्या आणि गाडीसमोर उकिडव्या बसल्या. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "हे तोंड ऐकते."

यार्डातला माणूस म्हणाला, "काय ऐकते, मावशी?"

"तुमचं नाही ऐकत."

मी भीत भीत म्हटलं, "काकू, रंग मळकट चंदेरी आहे."

"रंग बदलता येते बाप्पा. स्वभावाचं काय करतो?"

सगळे सोपस्कार झाल्यावर गाडी घरी मीच आणली. धूळ खाणारी गाडी खपवली म्हणून मॅनेजरांनी पाठीवर थाप मारली होती, त्यामुळं अंगात वारं. फाटकातून अशी झोकात मागं घेऊन लावली की तोंड बरोबर रस्त्याकडं. काकू हळदकुंकू आणि नारळ घेऊन बाहेर आल्या आणि पायरीवरच थांबल्या.

"उलटी काहून लावली गा?"

"सुलटीच आहे, काकू. सकाळी सरळ बाहेर पडाल."

"मले सरळ नाही पडा लागत. फिरव."

राऊतकाका भिंतीवरून ओरडले, "वहिनी, जुनी रिव्हर्समध्ये काढताना माझी तुळस गेली होती!"

"दुसरी लावून देईन, भाऊ. फिरव गा तू."

फिरवली. नाक जवळजवळ स्वयंपाकघराच्या खिडकीला लागलं. नारळ फुटला. काकू खोबरं द्यायला मला आत घेऊन गेल्या. मी ओट्याशी उभा राहिलो आणि समोर बघितलं. खिडकीच्या गजांपलीकडं, हाताच्या अंतरावर, दोन गोल दिवे. "हं, मग?"

काकूंनी चहाचं आधण ठेवलं. साखर टाकली. आणि खिडकीकडं बघत, अगदी रोजच्या आवाजात, म्हणाल्या, "आज राऊतभाऊची तुळस वाचली पाह्य. अन् आपलं कोल्हापूर आहे ना, त्यानंच शोधलं तुले. भेते लय, पण पोरगं चांगलं आहे..."

मी खोबरं चावायचं थांबलो. त्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.