मिस्त्रींच्या टर्बोची शिट्टी

मंगळवार पेठेत आमच्या शेजारी राहणारे आनंदा मिस्त्री दारात आलेल्या माणसाला चहा विचारत नाहीत, थेट गाडीत बसवतात. दूधवाला, मीटर रीडिंगवाला, लग्नाची पत्रिका घेऊन आलेला पावणा, कुणाचीही सुटका नाही. टेंबलाईच्या टेकडीच्या चढाला गाडी घातली की एकच प्रश्न, तोही ओरडून, "शिट्टी येत्या का?"

गाडी पंचवीस वर्षांची, डिझेलची. चढ दिसला की धापा टाकायची. मिस्त्रींनी भंगारातून एका पिकअपचा टर्बो आणून तिला बसवला. "धुराच्या जोरावर पंखा फिरतोय सर, आन् पंखा इंजनात हवा कोंबतोय." मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे कळल्यासारखं केलं. टर्बो लागला की बारीक शिट्टी वाजते म्हणे. ती वाजली की काम फत्ते.

गाडी चढावर पळायला लागली. शिट्टी तर अशी की गल्लीतली कुत्री पांगायची. आम्ही सगळे "येत्या की, मिस्त्री!" सांगून दमलो. त्यांचं उत्तर ठरलेलं, "माजं मन राखू नगासा." की पुन्हा बॉनेट उघडं आणि पुन्हा अंगभर ऑइल. तीन टर्बो बदलून झाले. भंगारवाल्याला त्यांनी मेलेला माल गळ्यात मारतोस म्हणून भर बाजारात शिव्या घातल्या. तो बिचारा स्वतः येऊन गाडीत बसला, ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि चौथा शोधायला गेला.

मला हे बघवत नव्हतं. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला हा माणूस स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून त्याचं दुखणं सांगायचा. त्याला आता काय झालंय ते अख्ख्या गल्लीला कळलं होतं आणि सांगायची छाती एकाचीही नव्हती. माझी तर नव्हतीच.

परवा माझी बायको मागं बसली होती. चढ लागला, शिट्टी सुरू झाली आणि तिनं दोन्ही कानांवर पदर दाबून धरला. मिस्त्रींनी ते आरशात पाहिलं. गाडी कडेला घेऊन त्यांनी इंजिन बंद केलं.

"म्हंजे वाजत्या."

मी मान डोलावली.

"तिन्ही वाजत हुते?"

मी पुन्हा डोलावली. दुसरं काय करणार?

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "आई गेल्यापासनं माजी पोरगी रोज पुण्यातनं फोन करत्या. मी नुसतं व्हय व्हय म्हणतोय. काल ती हसत हुती का रडत हुती, तेबी कळलं न्हाय सर. तरीबी व्हयच म्हटलो."

"मिस्त्री, आम्ही आहोत की," मी हळूच म्हणालो.

त्यांनी माझ्या ओठांकडे नीट निरखून पाहिलं.

"व्हय, व्हय," ते म्हणाले.