चिंचेला बांधलेली गुलाबी लुंगी

युक्ती माझी होती. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर दुसरा कुणी तिच्यावर हक्क सांगायला येणार नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी इतकी सोपी, बिनखर्चाची आणि खात्रीची सोय जगात अजून कुणाला सुचली नसेल, असं मला त्या दिवशी अगदी मनापासून वाटलं होतं.

आम्ही म्हणजे थायलंडातल्या नोंगखायला येऊन टेकलेले परदेशी म्हातारे. सकाळी मेकाँगच्या काठावरच्या टपरीत बसतो, पलीकडचा लाओस बघतो आणि या गावात पाव गोड का करतात यावर रोज तेच तेच बोलतो. कुणी बायकोच्या मागे इथे आला, कुणी थंडीला कंटाळून. मी नॉर्वेचा, नाव एगिल. जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केली आणि मग बायकोबरोबर तिच्या गावी राहायला आलो. इथल्या लोकांच्या जिभेला शब्दाच्या शेवटचा 'ल' सोसत नाही, म्हणून गल्लीत मी एगिन. बुआलाय, माझी बायको, मात्र नीट 'एगिल' म्हणायची. तिला जाऊन तीन वर्षं होत आली. आता मला एगिल म्हणणारा या गावात एकटा रेटो उरलाय, आणि तो स्विस आहे.

तर झालं असं की आमच्यातला नेव्हिल गेला. ऑस्ट्रेलियाचा, एकटा राहायचा. टपरीवर दिसला नाही तेव्हा आम्हाला वाटलं, व्हिसाच्या कामाला गेला असेल. त्याची कुत्री दारोदार जेवण मागत फिरायला लागली, तेव्हा कुठे लोकांनी त्याचं दार उघडलं. त्यानंतर बरेच दिवस टपरीवर पावाचा विषय निघाला नाही.

"आपलंही असंच होणार," रेटो म्हणाला. "आणि आपल्याकडे तर कुत्रीही नाही."

"काही होत नाही," मी म्हणालो. "सकाळी उठलं की फाटकाशी एक फडकं बांधायचं, संध्याकाळी सोडायचं. तू रोज स्कूटरवरून माझ्या दारावरूनच येतोस. फडकं दिसलं, तर मी आहे. नाही दिसलं, तर आत ये."

"मग फोनच का नको?"

"रोज फोन करून बोलणार काय? 'आहेस का?' 'आहे.' 'बरं.' त्यापेक्षा फडकं बरं. फडक्याशी काही बोलावं लागत नाही."

रेटोला पटलं. स्विस माणसाला कमी बोलण्याची कुठलीही योजना पटते.

फडकं लांबून दिसणारं हवं होतं. माझे सगळे कपडे करड्या रंगाचे. शेवटी बुआलायचं कपाट उघडलं. इतक्या दिवसांत ते उघडलं नव्हतं. वरच तिची गुलाबी लुंगी होती, ती घरात नेसायची ती. मी पटकन ओढली आणि कपाट लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाजवळच्या चिंचेच्या खोडाला ती गुंडाळून बांधली. वाकून गाठ मारली की माझी कंबर धरते, म्हणून उठताना जरा वेळ झाडाला कपाळ टेकून उभा राहिलो.

हे सगळं कुंपणापलीकडून लमूनताई बघत होत्या. लमूनताई म्हणजे बुआलायची जिवलग मैत्रीण. कोंबड्या पाळतात आणि गल्लीतली एकही गोष्ट नजरेतून सुटू देत नाहीत. आता इथे झाडाला रंगीत कापड बांधलं की त्याचा एकच अर्थ होतो: झाडात कुणाचा तरी आत्मा आहे. इतकी वर्षं इथे राहून मला ते आठवायला हवं होतं. पण बायकोची लुंगी हातात असताना माणसाला सगळंच आठवतं असं नाही.

दोन दिवसांनी झाडाखाली लाल सरबताची बाटली दिसली, आत नळी घातलेली. मला वाटलं, कुणीतरी विसरलं. ऊन मी म्हणत होतं. मी ती प्यायलो.

दुपारी लमूनताई फाटकाशी आल्या. रिकाम्या बाटलीकडे पाहून त्यांनी हात जोडले.

"भाऊजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बुआलाय स्वप्नात येते का हो तुमच्या?"

खोटं कशाला बोलू? "येते."

"काय म्हणते?"

"काही नाही. पंखा कमी कर म्हणते."

"कितीवर असतो पंखा?"

"दोनवर."

पुढचं ऐकायला त्या थांबल्याच नाहीत. मेलेल्या माणसाने सांगितलेला आकडा इथे लोक लॉटरीला लावतात, आणि त्या सोडतीला लमूनताईंचं दोनवर संपणारं तिकीट लागलं. लागलं म्हणजे बंगला बांधण्याइतकं नाही, पण कोंबड्यांचं खुराडं नवं झालं. आणि खुराड्याचा पत्रा चमकायला लागल्यावर गावाला आणखी पुरावा कशाला हवा?

मग माझ्या अंगणात माणसं यायला लागली. आधी गल्लीतली, मग बाजारातली, मग टेम्पो करून लांबलांबची. झाडाखाली उदबत्त्या, झेंडूचे हार, सरबताच्या बाटल्या, फण्या, आरसे. एक बाई खोडाला पावडर चोळून आकडे शोधत होती, दुसरी तिला सांगत होती की तो आकडा नाही, मुंगळा आहे. चिंचेवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या, सोनेरी किनारीच्या इतक्या लुंग्या चढल्या की बुआलायने जन्मात नेसल्या नसतील.

मी खरं सांगून पाहिलं. लमूनताईंना म्हणालो, "अहो, हे फडकं मी जिवंत आहे हे कळावं म्हणून बांधलंय."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "ती वर बसून तुमच्यावर लक्ष ठेवते, म्हणून तर तुम्ही जिवंत आहात. नाहीतर नुसत्या अंड्या-पावावर माणूस जगतो का?"

आता एक कबूल करतो. मी फार जोर लावून विरोध केला नाही. तीन वर्षं माझ्या फाटकाची कडी पोस्टमनशिवाय कुणी वाजवली नव्हती. घरात माझ्याखेरीज आवाज म्हणजे फ्रिजचा. आणि इथे सकाळपासून अंगण भरलेलं. न्हाणीघराची खिडकी चिंचेच्या अगदी मागे उघडते. मी आत स्टूल टाकून बसायचो आणि ऐकायचो. लोक आकडा मागण्याआधी ओळख काढतात, जुन्या आठवणी सांगतात. त्या सगळ्या बुआलायच्या असायच्या.

"बुआलाय, मी भाजीवाली चान्सी. तू नॉर्वेहून आणलेलं तपकिरी चीज मला साबण म्हणून दिलं होतंस. मी त्याने भांडी घासली. आठवतं? आता दे की एक आकडा."

"ताई, शाळेत असताना तुम्ही माझ्यासाठी मार खाल्लात."

एक म्हातारा तर पोट धरून हसत झाडाला म्हणाला, "अगं, जन्मभर माझ्याकडून तिकिटं घेतलीस, एक नाही लागलं. नवऱ्याला कळू देऊ नका म्हणायचीस. आता मेल्यावर तरी कसं काय जमायला लागलं तुला?"

मला खरंच कळलं नव्हतं. दर पंधरवड्याला ती "जरा दोरा आणते" म्हणून बाहेर जायची. मला वाटायचं, केवढं हिचं शिवणकाम.

एके संध्याकाळी सगळे गेल्यावर मी स्वतःच झाडापुढे जाऊन उभा राहिलो. आकडा नको होता. काय बोलावं सुचेना, शेवटी जे रोज अडतं तेच विचारलं. "तो चिकट भात किती वेळ भिजवायचा असतो गं? माझा दगड होतो."

"आदल्या रात्रीपासून," आवाज आला.

मी आधी वर चिंचेकडे पाहिलं. मग कुंपणापलीकडून लमूनताईंनी डोकं वर काढलं. "आणि वाफेवर उकडायचा, भाऊजी. पाण्यात शिजवायचा नाही. तीन वर्षं काय करत होतात?"

इकडे माझी मूळ योजना पार बाराच्या भावात गेली होती. सकाळी फडकं बांधायचं, संध्याकाळी सोडायचं, हा तिचा सगळा अर्थ. आता चिंच चोवीस तास नटलेली. मी असलो काय, नसलो काय, झाडावर लुंग्या फडकतच होत्या. हे माझ्या ध्यानात आलं नाही असं नाही. म्हटलं, रेटोशी बोलू कधीतरी.

ते बोलणं राहिलं, आणि सोडतीच्या आदल्या सकाळी मी न्हाणीघरात घसरलो.

साबणाच्या पाण्यावरून पाय गेला आणि मी ओल्या फरशीवर आडवा. घोटा असा काही मुरगळला की डोळ्यांपुढे अंधार आला. उठता येईना. दाराची कडी हाताच्या पलीकडे. पण मी घाबरलो नाही. बाहेर जत्रा भरलेली होती आणि खिडकी डोक्यावर होती. ओरडलं की काम झालं.

तेवढ्यात रेटोची स्कूटर ऐकू आली. फाटकाशी ती हळू झाली. मी "रेटो" म्हणून हाक मारणार, तोच त्याने आनंदाने हॉर्न वाजवला आणि निघून गेला. फडकं होतं ना.

मग मी इंजिन बंद पडल्यावर बोटीवर ओरडायचो तसं ओरडायचं ठरवलं. पण श्वास भरून घेतला की बरगडीत कळ यायची आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसतंच "हाऽ" बाहेर पडायचं. "हाऽ... हाऽ..."

बाहेर एकदम शांतता पसरली.

थाई भाषेत 'हा' म्हणजे पाच.

"ऐकलंत?" चान्सीचा आवाज. "पाच. पाच म्हणाली."

"दोनदा म्हणाली. पंचावन्न."

"पण आवाज पुरुषासारखा वाटला."

"मेल्यावर घसा बसतोच माणसाचा."

मी जिवाच्या आकांताने पुन्हा ओरडलो. "हाऽ..."

"बघा, बजावून सांगतेय. चला लवकर, तिकिटं संपतील."

आणि मग चपला, टेम्पो, मोटरसायकली, सगळ्यांचा एकदम गलका उठला. बघता बघता अंगण रिकामं झालं. उदबत्तीचा वास तेवढा खिडकीतून आत येत राहिला. फरशीवर पडल्या पडल्या मला नेव्हिल आठवला. त्याच्या घरात निदान शांतता तरी असेल. माझ्या दारात अख्खं गाव येऊन मला ऐकून गेलं होतं. मी डोळे मिटले आणि खरं सांगतो, माझ्या बायकोला हाक मारली, कारण जवळ दुसरं कुणी नव्हतं.

"बुआलाय," खिडकीखालून कुणीतरी कुजबुजलं. "मी लमून. बाकीचे गेले. तिसरा आकडा मला एकटीला सांग."

मी दबक्या आवाजात म्हणालो, "लमूनताई, मी आहे."

"मी कोण?"

"एगिन."

मग त्यांचा रडवेला आवाज आला, "अरे देवा. भाऊजी, तुम्ही कधी गेलात?"

"गेलो नाही. पडलोय. न्हाणीघरात."

दार फोडून त्या आत आल्या, मला पाहिलं, अंगावरची ओढणी माझ्यावर टाकली आणि तोंड फिरवून म्हणाल्या, "माझ्या मैत्रिणीचा नवरा आणि मी त्याच्याकडे आकडा मागत बसले." मग त्या रडल्या. मीही रडलो. माझं कारण घोट्याचं होतं, असं समजा.

इस्पितळात नर्सने विचारलं, "यांच्याजवळ कोण थांबणार? नात्याचं कोण आहे?" मी 'कुणी नाही' म्हणायला तोंड उघडलं, तर लमूनताईंची खाटेखाली चटई अंथरूनसुद्धा झाली होती. "मेहुणी," त्या नर्सला म्हणाल्या, आणि मी झोपलोय असं समजून खाटेचा नंबर पुटपुटत पाठ करू लागल्या. रेटो केळी घेऊन आला आणि खाली मान घालून बसला. "फडकं होतं रे," एवढंच परत परत म्हणत राहिला.

पंचावन्न लागला नाही. त्याच्या आसपासचंही काही लागलं नाही. मी प्लास्टर घालून घरी आलो, तोवर पलीकडच्या गावात माणसाच्या तोंडासारखी पपई सापडली होती आणि सगळे टेम्पो तिकडे वळले होते. चिंचेवरच्या लुंग्या पावसाने गळून पडल्या. गुलाबी तेवढी मी सोडवून, धुऊन, कपाटात ठेवली. कपाट या वेळी घाईने लावलं नाही.

अंगणात पुन्हा कुणी नाही. गर्दी गेल्याचं मला वाईट वाटलं नाही. बुआलायबद्दल बोलणारं कुणी राहिलं नाही, याचं वाटलं. खिडकीशी स्टूल तसंच होतं. मी काही दिवस त्यावर बसूनही पाहिलं. कोंबड्यांशिवाय काही ऐकू आलं नाही.

मग एका दुपारी लमूनताईंनी कुंपणापलीकडून विचारलं, "भाऊजी, जेवलात का?"

इथे हा प्रश्न म्हणजे नुसता नमस्कार असतो. उत्तर 'जेवलो' असंच द्यायचं आणि विषय संपवायचा. त्या दिवशी खरंच काही केलं नव्हतं, म्हणून मी 'नाही' म्हणालो. त्या चिकट भात आणि बांबूच्या कोंबांचं कालवण घेऊन आल्या आणि मी संपवेपर्यंत समोर बसल्या. बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं, बुआलाय लहानपणी म्हशीवरून मेकाँगमध्ये कशी पडली, आणि वर आल्यावर म्हशीलाच कशी शिव्या देत होती.

आता त्या रोज विचारतात. पण त्यांची हाक यायला दुपार उलटते आणि मला म्हाताऱ्याला भूक लवकर लागते. तोवर अंडी-पाव खाऊन, ताटली धुऊन मी तृप्त बसलेला असतो. तरी 'नाही' म्हणतो.

परवा डॉक्टरांनी घोटा बरा झालाय म्हणून सांगितलं, मग काट्याकडे पाहून भुवया उंचावल्या. "एवढं वजन कसं वाढलं? दिवसातून किती वेळा जेवता?"

मी म्हणालो, "एकटा माणूस मी, डॉक्टर. आपल्यापुरतं कसंबसं करून खातो झालं."