एकवीस आटे

विनायकचं डोकं फिरायला देवेशचं एक "काका" पुरेसं होतं. देवेश विनायकला काका म्हणायचा आणि पद्मजाला मात्र वहिनी! आता काकाची बायको वहिनी कुठल्या घराण्यात होते, हे विनायकने लिफ्टमध्ये त्याच्या पाठीकडे बघत कैक वेळा मनातल्या मनात विचारलं होतं. दोघांत अंतर म्हणाल तर आठ वर्षांचं. तेवढ्यासाठी कोणी माणसाचा काका करतं का?

पण खरा जाळ दुसरीकडेच होता. सुकापूरच्या त्यांच्या नीलगंगा सोसायटीत देवेश आपली गाडी स्वतः दुरुस्त करायचा. सोसायटीची फरशी खराब नको म्हणून तो ती रविवारी सकाळी कामोठ्याला भावाच्या कंपाउंडमध्ये न्यायचा, आणि दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो यायचा. अंगात निळी डांगरी, खिशावर त्याच्या बायकोने, आभाने, लाल दोऱ्याने भरलेलं 'देवेश', हात कोपरापर्यंत काळे आणि खाली ओळ, 'स्वतःची गाडी, स्वतःचे हात.' मग बायकांचे टाळ्यांचे पंजे पडायचे. त्यातला पहिला पंजा पद्मजाचा असायचा, हे विनायक वेळेसकट सांगू शकला असता.

अशात विनायकच्या गाडीचं स्टिअरिंग आजारी पडलं. गतिरोधक आला की पुढून खडखड, आणि सरळ रस्त्यावरसुद्धा चक्र चार बोटं इकडेतिकडे हलायचं. चाकांना वळवणाऱ्या दांड्यांची टोकं झिजली होती. त्यांना टाय रॉड एंड म्हणतात, हे विनायकला तीन व्हिडिओ बघून कळलं.

"देवेशला सांगू का?" पद्मजा कणीक मळता मळता म्हणाली. "पाच मिनिटांत करेल तो."

"काही गरज नाही. मीच बदलणार आहे."

पद्मजाचे हात परातीत थांबले. "तुम्ही? अहो, दिवाळीत माळ लावताना अख्ख्या मजल्याचे दिवे घालवलेत तुम्ही."

"वायरिंग जुनं होतं ते!"

"बरं बाई, जुनं. पण रविवारी निकेशच्या घराची वास्तुशांत आहे. माझ्या सख्ख्या भावाचं घर आहे, उशीर झालेला मला चालणार नाही. चारला द्रोणागिरीला निघायचं म्हणजे निघायचं. आणि गाडी झाली नाही तरी काळजी नको. देवेश आणि आभा उरणला तिच्या माहेरी चाललेत. तो म्हणाला, वहिनी, तुम्ही दोघं आमच्याच गाडीतून चला."

विनायकच्या डोळ्यांसमोर सगळं चित्र उभं राहिलं. पुढे देवेश गाडी हाकतोय, मागे आपण आहेराची पिशवी मांडीवर घेऊन बसलोय, पद्मजा "किती स्मूद चालते हो!" म्हणतेय आणि आरशातून देवेश विचारतोय, "काका, एसी जास्त होत नाही ना?" त्यापेक्षा द्रोणागिरीपर्यंत चालत गेलेलं परवडलं, असं त्याला मनापासून वाटलं.

रविवारी सकाळी साडेआठला त्याने पार्किंगमध्ये गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ओंडके लावले आणि चाक काढलं. जुना नट काही केल्या सुटेना. हातोडा एकदा नटावर, एकदा अंगठ्यावर असं करत दीड तासाने तो सुटला. आता फक्त टोक दांड्यावरून फिरवून काढायचं. व्हिडिओतल्या माणसाने इथे बोट वर करून बजावलं होतं, की काढताना किती फेरे लागले ते मोजा आणि नवीन टोक तितकेच फेरे बसवा, नाहीतर चाकाची दिशा बदलेल. विनायक मोठ्याने मोजू लागला. "एक… दोन… तीन…"

तो अकरावर असताना सोसायटीचे सेक्रेटरी कमलाकर येऊन उभे राहिले. सत्तरीचे गृहस्थ, हातात कायम रजिस्टर. "वा विनायकराव! माणसाने असंच असावं. मी पस्तीस वर्षं माझी गाडी परक्या हातात दिली नाही."

"बारा," विनायक दात आवळून म्हणाला.

"बारा नाही, पस्तीस. बरं, बावीस तारखेला मीटिंग आहे, साडेसातला. मागच्या वेळी एकोणीसच लोक आले, कोरम भरला नाही."

"तेरा… चौदा…"

"अहो!" तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पद्मजा ओरडली. "पंचवीस पुरणपोळ्या पुरतील का तीस घेऊ?"

"तीस घे!" विनायक ओरडला आणि त्याच क्षणी टोक दांड्यावरून सुटून त्याच्या हातात आलं.

तो टोकाकडे बघत बसला. चौदानंतर किती? दोन? पाच? कमलाकर रजिस्टर घेऊन निघून गेले होते, नाहीतर आज सोसायटीला नवा सेक्रेटरी शोधावा लागला असता. पुन्हा मोजायला आता काही उरलंच नव्हतं. विनायकने कपाळाचा घाम पुसला, देवाचं नाव घेतलं आणि एकवीस फेरे बसवायचे ठरवले. वास्तुशांतीला जायचं आहे, आकडा शुभ असलेला बरा! दुसऱ्या बाजूला तर त्याने मोजलंच नाही. तिथेही एकवीस दिले, म्हणजे डावं-उजवं व्हायला नको.

दुपारी एकला गाडी जमिनीवर आली. विनायकने दोन पावलं मागे सरकून पाहिलं. पुढची दोन चाकं रुसलेल्या नवराबायकोसारखी एकमेकांकडे पाठ करून उभी होती. एक माथेरानकडे बघत होतं, दुसरं पनवेल स्टेशनकडे.

त्यातच वरून आवाज आला, "काका, झालं का? नाहीतर आहेच आमची गाडी!" देवेश गॅलरीत सफरचंद खात उभा होता.

"झालं! ट्रायल मारून येतो," विनायक म्हणाला आणि घाईने आत बसला.

मागच्या गेटने तो बाहेर पडला तेव्हा टायर असे किंचाळत होते की दोन कुत्री उठून बाजूला झाली. सायकलवाली शाळकरी मुलगी त्याला मागे टाकून गेली. बाळूचं गॅरेज गावात, देवळाच्या मागे, कोणाच्या नजरेत न येणारं. तिथपर्यंतचा अर्धा मैल त्याने पंचवीस मिनिटांत कापला.

बाळूने लांबूनच चाकं पाहिली आणि हातातला पाना खाली ठेवला. "काय झाला सायेब? कोनी केला ह्यो?"

"मीच केलं." खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"आटे किती दिले?"

"एकवीस."

"एकवीस कशाला?"

"शुभ असतं म्हणून."

बाळूने कपाळावर हात मारला. "सायेब, एकवीस मोदक गनपतीला. गारीला नाय." मग चाकं सरळ रेषेत आणायला त्याने गाडीच्या दोन्ही बाजूंनी मागून पुढे दोरा ताणला आणि तो खाली शिरला.

विनायक खुर्चीवर टेकला आणि समोर पाहून ताडकन उठला. शटरच्या आतल्या भिंतीवर एका खिळ्याला निळी डांगरी लटकत होती. खिशावर लाल दोऱ्याने भरलेलं होतं, 'देवेश'.

"बाळू, ही डांगरी इथे कशी?"

"देवेश सायबांची हाय ती," गाडीखालून आवाज आला. "काम आमी करतो. त्ये तवर खुर्चीव बसून चाय पितान. काम झाला का डांगरी घालतान, हात काले करतान, मंग मी फोटो कारतो."

विनायकला एकदम हलकं हलकं वाटलं. इतके महिने पोटात साठलेली जळजळ एका क्षणात विझली. कामोठ्याचं कंपाउंड म्हणे! आज द्रोणागिरीच्या वाटेवर पद्मजाला सगळं सांगायचं, अगदी पहिल्या पंजापासून, असं त्याने ठरवलं. मनातल्या मनात त्याने वाक्यंही जुळवली. 'अगं, मी बाळूच्या गॅरेजमध्ये गेलो होतो, तिथे…' आणि तो इथेच अडकला. तुम्ही बाळूच्या गॅरेजमध्ये कशाला गेला होतात, हा पद्मजाचा पहिला प्रश्न असणार होता.

त्याने तीन प्रकारे जुळवून पाहिलं. तिन्ही वेळा देवेशच्या आधी तो स्वतःच पकडला जात होता.

"झाला सायेब," बाळू बाहेर येत म्हणाला. "सोला आट्यांच्या वर जायचाच नव्हता. आता लोन्यासारखी चालंल."

विनायकने गाडी पाहिली, डांगरीकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. सकाळची घाण केव्हाच घामाने धुऊन गेली होती. "बाळू," तो खालच्या आवाजात म्हणाला, "जरा ग्रीस दे."

बाळूने न विचारता डबा पुढे केला. त्याला सवय असावी.

चारला पाच मिनिटं कमी असताना गाडी सोसायटीत शिरली. पद्मजा पुरणपोळ्यांचा डबा घेऊन खालीच उभी होती. तिने विनायकचे काळे हात पाहिले, गाडीत बसली, गेटपर्यंत फेरी मारून उतरली आणि म्हणाली, "अहो, खडखड गेली की सगळी! खरंच तुम्ही केलंत?" तिच्या डोळ्यांत जे दिसलं, त्यासाठी विनायक दोन्ही अंगठे ठेचून घ्यायला तयार होता.

तेवढ्यात देवेश आणि आभा खाली आले. आभा म्हणाली, "बघ देवेश, विनायकदादांनी एका दिवसात केलं, तेही इथे सगळ्यांसमोर! तुला हॉर्न बदलायला दोन रविवार लागले होते."

देवेशचा चेहरा पडला. त्याने वाकून चाकं पाहिली, मग विनायकच्या मनगटापर्यंतचं ग्रीस पाहिलं. कसनुसं हसत म्हणाला, "छान केलंय, दादा."

दादा! वास्तुशांतीच्या जेवणात विनायकने तीन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.

पण सुख कुठलं टिकायला! आभाच्या त्या वाक्याने पेटून देवेशने पुढच्या रविवारी क्लच बदलण्याचं जाहीर केलं. त्यावर पद्मजाने ग्रुपवर लिहून टाकलं, 'आमचे हे ब्रेक बदलणार आहेत. निकेशच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे कुणाला त्रास नको.' एवढ्यावर न थांबता तिने नवी डांगरी आणली आणि रात्री मालिका बघता बघता खिशावर हिरव्या दोऱ्याने 'विनायक' भरलं. शेवटी एक छोटंसं फूलही काढलं.

रविवारी ती डांगरी पिशवीत लपवून विनायक बाळूकडे पोचला. देवेश आधीच खुर्चीवर चहा पीत होता. दोघांची नजरानजर झाली. देवेशने थोडं सरकून जागा दिली आणि बाळूने दुसरा चहा सांगितला.

विनायकने पिशवीतून डांगरी काढली. देवेशच्या खिळ्याच्या पलीकडे, दाराजवळ वाऱ्यावर, आणखी एक खिळा होता. त्यावरची लांब पिशवी काढून तो तिथे डांगरी अडकवणार, इतक्यात बाळू ओरडला.

"तिकरं नाय सायेब! त्यो कमलाकर सायबांचा हाय. पस्तीस वर्सं झाली."

विनायकने त्या लांब पिशवीत डोकावून पाहिलं. आत पांढरीशुभ्र डांगरी होती. इस्त्री केलेली. आणि ती चक्क लाकडी हँगरवर होती.

विनायकने आपल्या गुंडाळलेल्या डांगरीकडे पाहिलं, शेजारी देवेशकडे पाहिलं. देवेशही त्या हँगरकडेच बघत होता.

"बाळू," विनायक म्हणाला, "त्यांना हँगर, आणि आम्हाला नुसता खिळा?"