सूर्याला परत पाठवणारे पुखराजकाका

एप्रिलच्या भर दुपारी डोक्यावरच्या पत्र्यावर कोणी नाचल्यासारखा आवाज आला तर आमच्या गल्लीत कोणी घाबरत नाही. पुखराजकाका असतात. नंदुरबारात भांड्यांचं भलंमोठं दुकान असलेला हा सत्तरीचा माणूस शिडीखाली चपला काढून लोकांच्या पत्र्यांवर अनवाणी चढतो. पत्रा किती तापलाय ते बघायला. थर्मामीटर का आणत नाही, असं मी एकदा विचारलं. तळव्यावर फुंकर घालत ते म्हणाले, "मास्तर, पायले खोटं बोलता येत नही."

काकांचे आजोबा राजस्थानातून आले. काका मात्र भांडतात ते अहिराणीतच. दुकानाचा नफा ते 'गावनं डोकं थंड करासाठे' उधळतात. आधी त्यांनी एका गॅरेजवाल्याला पैसे देऊन रस्त्यावर पाणी शिंपडणारी हातगाडी करवून घेतली. पहिल्याच दिवशी तिने रस्ता सोडून एका नवरदेवाला घोड्यासकट भिजवलं. वऱ्हाडी धावून आले. काका हात जोडून म्हणाले, "पन थंड वाटनं ना?"

मग त्यांनी पांढऱ्या रंगाचं ऐकलं. पत्र्याला तो दिला की ऊन माघारी फिरतं म्हणे. "सूर्याले वरथूनच वापस धाडी देवानं!" असं म्हणत ते थेट नगरपालिकेत गेले आणि सगळं शहर रंगवून द्यायची तयारी दाखवली. साहेब भले होते. म्हणाले, आधी एक गल्ली करून दाखवा, मग बघू.

एक गल्ली म्हणजे आमची. लोकांना वेगळाच संशय. "सेठ निवडणुकीले उभा ऱ्हाई ऱ्हायना का?" असं जो तो मला विचारी. शेजारच्या कमलअक्कांनी तर शिडीच आडवी पाडली. काकांनी महिनाभर रोज विनवण्या केल्या, तेव्हा कुठे त्यांचाही पत्रा पांढरा झाला.

आणि खरं सांगतो, घरं गार झाली. दुपारी डोळा लागू लागला. काका पत्र्यावर पाय रोवून निवांत उभे राहायचे आणि वरून आम्हाला हात करायचे.

आठवड्याभरात कमलअक्का ओल्या पापडांची परात घेऊन थेट दुकानात. अक्का उडदाचे पापड करून विकतात, वाळवण त्याच पत्र्यावर. "सेठ, घर थंड करं ते करं, आते मन्हा पापड कोठे वाळाडू? बठ्ठा वलाच ऱ्हायनात! लग्नानी ऑर्डर शे!"

दुकानातली गिऱ्हाइकं काकांकडे बघू लागली. असा प्रश्न त्यांच्या पायांनाही सुचला नव्हता. अक्कांच्या हातातली परात घेत ते म्हणाले, "कमलबेन, मन्ही गच्ची शे ना!"

दुसऱ्या दिवसापासून गच्चीभर पापड, आणि मधोमध छत्री उघडून, हातात काठी घेऊन, कावळ्यांवर ओरडणारे पुखराजकाका. ऑर्डर वेळेवर गेली. नगरपालिकेने काकांच्या देणगीतून पुढच्या दोन गल्ल्या रंगवायला घेतल्या. काकांची गच्ची तेवढी काळीकरडी राहिली. तिला रंग लागू द्यायचा नाही, असं त्यांनी रंगाऱ्याला बजावलं होतं.

परवा अक्कांकडे पापड आणायला गेलो. भर दुपार होती. आत, फरशीवर, पुखराजकाका तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. शेजारी जेवलेलं ताट.

"त्यासनं घर भट्टीसारखं तपस," अक्का हलक्या आवाजात म्हणाल्या. "पोऱ्याने सुरतथून एसी धाडेल शे. म्हनतस, एकलासाठे कसाले चालू करू? काकी गयी तवयपासून बंदच शे."

बाहेर भंगारवाला भोंगा वाजवत गल्लीत शिरला. अक्का पिठाच्या हातानेच दारात गेल्या आणि ओठावर बोट ठेवून त्याला पुढे जा म्हणून खुणावलं.