राजेसाहेब पक्षी बघायला येतात

“देवाशी बोलायचं काम माझ्यावर सोडा!” झुआंग वान-फू छाती ठोकत म्हणाला. “राजेसाहेबांची आणि माझी चाळीस वर्षांची ओळख आहे. माझा शब्द ते खाली पडू देणार नाहीत!”

पक्षी केंद्राच्या फान ताईंनी मान डोलावली खरी, पण चेहऱ्यावरची काळजी काही हटेना. वान-फूच्या शिंगाड्याच्या तळ्यात, पानांच्या गादीवर, कमळपक्ष्याची चार अंडी होती. अंड्यांवर बाप बसला होता. आई अंडी घालून केव्हाच दुसऱ्या तळ्यावर दुसऱ्या नवऱ्याकडे निघून गेली होती आणि या विषयावर गावातल्या बायका फार आवडीने बोलत. पिल्लं बाहेर यायला आठवडाभर बाकी. आणि रविवारी देवळातल्या राजेसाहेबांचा वाढदिवस! मिरवणूक दरवर्षी तळ्याच्या बांधावरूनच जायची आणि नेमक्या त्या बांधावर फटाक्यांच्या माळा अशा वाजायच्या, की म्हशींनीही दूध चोरावं.

दोन वर्षांपूर्वी शिंगाडे तोडताना वान-फूच्याच होडीखाली एक घरटं गेलं होतं. अंडी फुटलेली दिसली तेव्हा हा गडी पाण्यात उभ्या उभ्या रडला होता. तेव्हापासून त्याला कमळपक्ष्यांसमोर मान वर करायची लाज वाटे. या वेळी पिल्लं बघायचीच, असं त्याने ठरवलं होतं.

देवळाचे व्यवस्थापक काओ काका म्हणाले, “मिरवणुकीचा रस्ता आम्ही कोण बदलणार? कौल लावा.”

वान-फू देवापुढे गुडघे टेकून बसला. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे त्याने हातात घेतले. एक उताणा, एक पालथा पडला की देवाचा होकार. त्याने नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि विचारलं, “राजेसाहेब, यंदा दुसऱ्या रस्त्याने जाल का?”

खट्! दोन्ही उताणे.

“देव हसला! म्हणजे उत्तर नाही, पुन्हा विचारा,” काओ काकांनी जाहीर केलं. मागे जमलेली मंडळीही हसली.

पुन्हा टाकले. पुन्हा देव हसला. तिसऱ्यांदा दोन्ही पालथे. म्हणजे साफ नकार!

वान-फू आता नवस बोलू लागला. “राजेसाहेब, तीन दिवस नाटक ठेवतो!” नकार. “अख्खं डुक्कर भाजून वाहतो!” देव हसला. “तुमची पालखी मी स्वतः खांद्यावर घेतो!”

“गुडघ्यांना विचारलंत का?” मागून बायकोचा, युए-चिनचा, आवाज आला. देव पुन्हा हसला.

“सरका हो जरा! देवाला लालूच काय दाखवताय?” युए-चिनने तुकडे हिसकावले. “राजेसाहेब, तुम्हाला तो पक्षी बघायचाय का?”

खट्! एक उताणा, एक पालथा.

कौल पक्का व्हायला लागोपाठ तीन होकार लागतात. तिने पुन्हा टाकले. होकार! तिसऱ्यांदाही होकार!

“अगं, काय केलंस हे!” वान-फूने कपाळावर हात मारला. “आता दोनशे माणसं तळ्यावर थांबणार! मेला माझा पक्षी!”

युए-चिनने त्याच्याकडे बघितलंही नाही. “आणि राजेसाहेब, फटाके, ढोल, ताशे सगळं बंद ठेवून याल ना?”

होकार.

आता वान-फूच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. साक्षात राजेसाहेब आपल्या तळ्यावर येणार! रविवारी उजाडताच तो बांधावर हजर. गवत कापायचं मशीन घरघरवलं. पूजेचं टेबल ओढत आणलं. चार खांब ठोकून त्यांना लाल कापड बांधलं. एक खांब तिरका वाटला, म्हणून उपटून परत ठोकला!

दहा वाजता मिरवणूक आली. अशी मिरवणूक गावाने कधी पाहिली नव्हती! ढोलवाल्यांनी काठ्या काखेत धरल्या होत्या. चेहरे रंगवलेले देवाचे शिपाई चवड्यांवर चालत होते. एका म्हाताऱ्याला खोकला आला, तर तिघांनी मिळून त्याला टोपीत खोकायला लावलं. पालखी अलगद टेकली. फान ताईंनी दुर्बिणीला डोळा लावला.

घरटं रिकामं होतं.

“गेलाऽऽ!” वान-फूने असा टाहो फोडला, की मिरवणुकीची राहिलेली कसर एकट्याने भरून काढली. “माझी चार अंडी गेली होऽऽ!”

“काका, ओरडू नका!” फान ताई दबक्या आवाजात ओरडल्या. दुर्बीण हळूहळू फिरली आणि पलीकडच्या कोपऱ्यात थांबली. “तो बघा! हनुवटीखाली धरून एकेक अंडं तिकडे नेलंय त्याने. चारही आहेत! त्रास झाला की ते जागा बदलतात. पण सकाळपासून इथे कोणीच नव्हतं, मग त्रास दिला कोणी?”

दोनशे माणसांनी आधी कापलेल्या गवताकडे पाहिलं, मग खांबांकडे, मग वान-फूकडे.

“खांब जरा तिरका होता...” वान-फू पुटपुटला.

राजेसाहेबांनी पाऊण तास थांबून पक्षी बघितला. पालखी उठल्यावर फान ताई हात जोडून म्हणाल्या, “झुआंग काका, एवढंच करा. पिल्लं बाहेर येईपर्यंत तळ्याकडे फिरकू नका.”

शिंगाड्याच्या मालकाला स्वतःच्याच तळ्यावर बंदी! पाच दिवस वान-फू घरात पाय न वाजवता फिरला. जेवताना वाटीला चमचा लागला तरी दचकायचा. युए-चिन रोज तळ्यावर जाऊन यायची आणि तो दारातच तिचं तोंड न्याहाळायचा.

सहाव्या दिवशी ती धापा टाकत आली. “अहो, चारही! चारही पिल्लं बापामागे पानांवरून पळतायत!”

वान-फूने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबलं आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना तो स्वयंपाकघरभर चवड्यांवर नाचला.

“अहो, तळं लांब आहे,” युए-चिन म्हणाली. “घरात ओरडलात तरी चालेल.”

त्याने नुसतीच मान हलवली. हात काही त्याने तोंडावरून काढला नाही.