गुहेतली घरगाडी

एका जंगलात केरबा नावाचं अस्वल राहत होतं. पोरांनो, नीट बसा. मी एकदाच सांगणार आहे.

केरबाची गुहा आजोबांपासूनची. कोरडी, ऊबदार. तीत तो, त्याची बायको चंद्राक्का आणि म्हातारी आई राहत. सुखात होते. पण सुख शेजाऱ्याला दिसत नाही, गाडी दिसते. म्हणून केरबाने घरगाडी घेतली. चाकांवरचं घर. आत गाद्या, चूल, आरसा. तिघं तीत बसून तळ्याकाठी चार दिवस राहून आली. तळं गुहेपासून हाकेवर होतं.

मग पावसाळा तोंडावर आला.

"गाडी जांभळाखाली लावा," चंद्राक्का म्हणाली.

"पत्रा गंजेल. डाग पडतील. गुहेत ठेवू."

"आणि आम्ही?"

"जांभळाखाली. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

गाडी आत ढकलली. गुहा भरली. केरबाने पुढे लिंबू-मिरची बांधली आणि बाहेर येऊन चिखलात बसला.

श्रावणात म्हातारीला खोकला लागला. छातीत घरघर सुरू झाली.

"केरबा, मला गाडीत तरी निजू दे रे."

"आई, गाद्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. तळ्यावरसुद्धा आपण खालीच निजलो होतो ना?"

"मग ते प्लास्टिक तरी दे. अंगावर घेते."

"काढलं की गाडी जुनी दिसते, आई."

म्हातारी गप्प झाली. खोकला मात्र गप्प झाला नाही.

दसऱ्याला केरबा झेंडूचा हार घेऊन गुहेत गेला. दार उघडलं. प्लास्टिक जसंच्या तसं होतं. त्याच्या खालची गादी मात्र उंदरांनी पोखरून संपवली होती. तारा कुरतडलेल्या, चाकं बसलेली. आरशासमोर एक जाडी उंदरीण मिशा साफ करत होती.

"पाय पुसून या," ती म्हणाली. "बाळं आत्ताच निजलीत."

केरबाने धक्का मारला. गाडी जागची हलली नाही. गुहा कायमची गेली.

चंद्राक्का आत गेली. गादीवरचं प्लास्टिक टराटरा ओढून काढलं आणि सासूला त्यात गुंडाळलं.

"अहो, मी आईंना घेऊन माझ्या भावाकडे चालले. एवढं एक नेते. तुमच्या गाडीत कामाचं एवढंच निघालं."

"अगं, प्लास्टिक फाटेल!" केरबा ओरडला.

ती मागे वळली नाही. म्हातारीनेही पाहिलं नाही.

केरबा अजून जांभळाखाली बसलेला असतो. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सांगतो, "गाडीला एक थेंब लागू दिला नाही!"

तात्पर्य: छप्पर एकच असेल तर ते गाडीला द्यावं. आईला खोकला होतो, पण गंज चढत नाही.