दारावरची शोकपाटी

कुणी वारलं की दारावर शोकपाटी कशी टांगायची, हे विदरकोम गावात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! चाळीस वर्षं मी सर अँब्रोज यांच्या हवेलीचा कारभारी. शिवाय साठीत लिहाय-वाचायलाही शिकलोय!

तर मालकांचे ब्रह्मचारी काका वरच्या खोलीत वारले. मालक आणि बाईसाहेब लंडनला. मालक तिथे पार्लमेंटात बसतात. मी माळ्यावरून पाट्या काढल्या. दोन्हींवर घराण्याची ढाल रंगवलेली. एक अख्खी काळी, दुसरी अर्धी काळी, अर्धी पांढरी. अक्षर एकीवरही नाही! काळी मला धुराने माखलेली वाटली. म्हटलं, काकांना स्वच्छ पाटी देऊ. दुसरी टांगली.

तासाभरात मालकांचे मेहुणे कॅप्टन लुकस घोडा फेकत आले. पाटी पाहून डोळे पुसले.

"जोसाया, फार त्रास झाला का रे?"

"छे! सूप प्यायले, ढेकर दिली आणि गेले."

"भाग्यवान! बरं, नातेवाइकांना बोलाव. लगेच!"

गावात मतदार अकरा, त्यात नऊ मालकांचे नातलग. नऊच्या नऊ आले! कॅप्टन पायरीवर उभे राहून प्रसाद वाटावा तशा नोकऱ्या वाटू लागले. चुलतभावाला जकातनाका, भाच्याला चर्चमधली जागा, बदल्यात फक्त मत कॅप्टनना द्यायचं!

"काका गेल्यावर एवढं वाटतात?" मी शेजारी उभ्या पाद्रीबाबांना विचारलं.

"काका? अरे गाढवा, ब्रह्मचाऱ्याची पाटी अख्खी काळी! ही अर्धी पांढरी म्हणजे घरधनी गेला, बायको मागे राहिली!"

मी पाटी उतरवायला धावलो. तेवढ्यात काकांच्या आजाराची चिठ्ठी मिळून लंडनहून निघालेली मालक-बाईसाहेबांची बग्गी दारात आली.

मालकांनी पाटी पाहिली. "मी कधी वारलो?"

चुलतभाऊ खाकरला. "अँब्रोज, शंभर वर्षं जग बाबा! पण आम्ही लुकसला शब्द दिलाय."

"आणि माझी पार्लमेंटातली जागा?"

"तिथे माझा लुकसदादा बसला तर बिघडलं काय?" बाईसाहेब म्हणाल्या. "चौदा वर्षांत तुम्ही तिथे एकदा उठलात, तेही पायाला मुंग्या आल्या म्हणून!"

वसंतात निवडणूक झाली. नऊ विरुद्ध दोन. मालक पडले.

मला वाटलं, आता माझी हकालपट्टी! पण नाही. मालकांना काम उरलं नाही. सकाळपासून माझ्या मागे उभे राहून चमचे कसे पुसावेत ते शिकवतात. परवा मी रडत बाईसाहेबांकडे गेलो.

त्या म्हणाल्या, "तू त्यांना घरी बसवलंस, जोसाया. आता तूच सांभाळ!"